‘शेकी डू’ म्हणजे नेमकं काय? युद्धातल्या पत्रांमधली स्लँग वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक एक्सेल शीट बनवली होती आणि मला तिचा भारी अभिमान होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समधल्या तरुणांनी घरी लिहिलेली पत्रं मी वाचत होते. ती स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेली होती. एकेक पत्र वाचायचं आणि हवाई दलाचा खास शब्द दिसला की शीटमध्ये टाकायचा. रकाने असे होते: तारीख, ठिकाण, कोणाला लिहिलं, शब्द, अर्थ. शेवटचा रकाना होता ‘मूड’. ‘विझर्ड’ म्हणजे झकास, ‘पीस ऑफ केक’ म्हणजे डाव्या हाताचा मळ. असे शब्द दिसले की मी मूडच्या रकान्यात बिनधास्त ‘आनंदी’ लिहायचे.

गाईड सरांनी शीट वरपासून खालपर्यंत पाहिली आणि एकच प्रश्न विचारला. “हे पत्र लिहिलं त्या आठवड्यात याच्या स्क्वाड्रनमध्ये काय चाललं होतं, ते बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. रॉयल एअर फोर्सची प्रत्येक स्क्वाड्रन रोजची नोंदवही ठेवायची. तिला ‘ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक’ म्हणत. कोणतं विमान किती वाजता उडालं, त्यात कोण कोण होते, कधी परत आलं, आलं की नाही, सगळं त्यात असतं. या वह्या आता लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. मी पत्रांच्या तारखा या नोंदींशेजारी ठेवून बघायला लागले आणि दुसऱ्याच दिवशी ‘मूड’चा रकाना डिलीट केला. ज्या पत्रांपुढे मी ‘आनंदी’ लिहिलं होतं, त्यातली काही पत्रं अशा दिवसांतली होती, जेव्हा त्या मुलाच्या स्क्वाड्रनची विमानं परतलीच नव्हती.

आजची पोस्ट या चुकीबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा सेट-नेटची तयारी करताय, कुणी रिसर्च प्रपोजल लिहिताय. पत्रं, डायऱ्या, आठवणी हे सोर्स वापरायचे असतील तर हा खड्डा तुमच्याही वाटेत येणार आहे. मी पडले, तुम्ही जरा बघून चाला.

आधी शब्दांची वर्गवारी

माझी पहिली चूक म्हणजे, मी दिसेल त्या अनोळखी शब्दाला स्लँग म्हणत होते. प्रत्यक्षात या पत्रांत तीन प्रकारचे शब्द एकत्र येतात.

पहिला प्रकार रेडिओवरच्या ठरावीक संकेतांचा. ‘एंजल्स फिफ्टीन’ म्हणजे पंधरा हजार फूट उंची. ‘बँडिट’ म्हणजे शत्रूचं विमान. हे शब्द वरून ठरवून दिलेले होते, कारण रेडिओवर कमी वेळात आणि गोंधळ न होता बोलणं गरजेचं होतं.

दुसरा प्रकार कामाच्या शब्दांचा. ‘ऑप्स’ म्हणजे मोहिमेवरचं उड्डाण. ‘फ्लॅक’ म्हणजे विमानविरोधी तोफांचा मारा. हा शब्द तर थेट शत्रूकडून आलेला आहे. अशा तोफेच्या लांबलचक जर्मन नावाचं ते संक्षिप्त रूप.

तिसरा प्रकार खऱ्या स्लँगचा. हे शब्द कुणी ठरवून दिले नव्हते, मुलांनी आपापसात चालवले. विमानाला ‘काइट’, म्हणजे पतंग. समुद्राला ‘द ड्रिंक’. जमिनीवर काम करणाऱ्या साध्या हवाई सैनिकाला ‘अर्क’. नवख्या पोराला ‘स्प्रॉग’. विमानाच्या शेपटीत एकट्याने बसणाऱ्या तोफचीला ‘टेल-एंड चार्ली’. फुगवायच्या लाइफ जॅकेटला ‘मे वेस्ट’, हे नाव त्या काळच्या भरदार देहाच्या सिनेनटीवरून. यंत्रात कारण सापडत नाही असा बिघाड झाला की तो ‘ग्रेम्लिन’ नावाच्या भुतांच्या माथी. रोआल्ड डाल स्वतः हवाई दलात वैमानिक होता आणि १९४३ साली त्याने मुलांसाठी याच भुतांवर पुस्तक लिहिलं.

हे तीन प्रकार वेगळे का काढायचे? कारण पहिला प्रकार माणसाला नियमाने वापरावा लागतो, तिसरा तो स्वतः निवडतो. आणि आपल्याला शोध घ्यायचाय तो या निवडीचा.

पक्का, डेक्को आणि आपली देवळाली

या पत्रांत पहिल्यांदा ‘पक्का जेन’ हा शब्द दिसला तेव्हा मी खुर्चीतच उडाले. ‘जेन’ म्हणजे खबर, माहिती. ‘पक्का जेन’ म्हणजे खात्रीची खबर आणि ‘डफ जेन’ म्हणजे फुसकी. हा ‘पक्का’ आपलाच, आमरसाचा आंबा पारखताना आपण म्हणतो तोच.

तो तिथे कसा पोचला? रॉयल एअर फोर्सची स्थापना १ एप्रिल १९१८ ला झाली. लष्कराचं उड्डाण दल आणि नौदलाचं उड्डाण दल एकत्र करून नवी सेना उभी राहिली, आणि दोघांची बोलीही तिच्या पदरात पडली. ब्रिटिश लष्कर पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानात राहिलेलं. त्यामुळे ‘चिट’ म्हणजे चिठ्ठी, ‘डेक्को’ म्हणजे नजर टाकणं (आपलं ‘देखो’), ‘बक्शी’ म्हणजे फुकटचं (बक्षिसावरून) असे शब्द आधीपासून त्या बोलीत होते. घराला, म्हणजे इंग्लंडला, ‘ब्लायटी’ म्हणायचे. तो आपला ‘विलायती’. १९२० च्या दशकात हवाई दल इराकमध्ये तैनात होतं, तेव्हा अरबी शब्द येऊन मिळाले. त्यातला ‘शुफ्ती’ म्हणजेही नजर टाकणंच. टेहळणीच्या विमानाला त्यामुळे ‘शुफ्ती काइट’ असं नाव पडलं.

आणि एक शब्द तर थेट नाशिक जिल्ह्यातला. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत अजूनही ‘डूलॅली’ म्हणतात. तो शब्द म्हणजे देवळाली. एकोणिसाव्या शतकात तिथे ब्रिटिश लष्कराची छावणी उभी राहिली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे थांबत. जहाजं वर्षातले काहीच महिने निघायची. काम नाही, ऊन मरणाचं, महिनोन्‌महिने नुसतं बसून राहायचं. त्यातून माणसं विचित्र वागायला लागली की म्हणायचे, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. टॅप म्हणजे आपला ताप.

हे सगळं सापडल्यावर मला वाटलं, चला, एक चॅप्टर तर इथेच निघाला! तिथेच मी दुसऱ्यांदा घसरणार होते. एखाद्या मुलाने पत्रात ‘डूलॅली’ लिहिलं म्हणून तो देवळालीला आला होता असं सिद्ध होत नाही. १९४० पर्यंत हे शब्द इतके मुरले होते की वापरणाऱ्यांपैकी अनेकांना नाशिक नकाशावर दाखवता आलं नसतं. शब्दाचा उगम आणि शब्दाचा वापर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उगम आपल्या ओळखीचा निघाला की मोह होतो, कारण आपल्याला आपलं गाव दिसतं. पण पत्र लिहिणाऱ्याला ते दिसत होतं का, हे आधी विचारायचं.

मरणासाठी इतके शब्द कशाला?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या बोलीतले शब्द विषयवार लावले की एक गोष्ट लगेच दिसते. सगळ्यात जास्त गर्दी होते ती दोन विषयांभोवती, अपघात आणि मरण.

विमान आपटलं की ‘प्रँग’. माणूस मेला की ‘ही बॉट इट’, म्हणजे त्याने ते विकत घेतलं. किंवा ‘गॉट द चॉप’. किंवा ‘गॉन फॉर अ बर्टन’, बर्टन घ्यायला गेला. थोडक्यात वाचले, पण मरण अगदी शिवून गेलं, तर म्हणायचं ‘अ बिट ऑफ अ शेकी डू’. म्हणजे जरा डळमळीतच प्रकार झाला. हे ‘जरा’ लक्षात ठेवा.

हे शब्द ज्या खोलीत बोलले जायचे तिथली परिस्थिती आकड्यांत बघू. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये युद्धकाळात सुमारे १,२५,००० जणांनी विमानातून काम केलं. त्यातले ५५,५७३ मेले. बॉम्बर कमांडमध्ये एका ‘टूर’मध्ये साधारण ३० मोहिमा पूर्ण करायच्या असत, मग काही काळ सुटका. ती तिसावी मोहीम गाठणं किती कठीण आहे, हे प्रत्येकाला जेवणाच्या टेबलावरच्या रिकाम्या खुर्च्या मोजून कळत होतं.

अशा ठिकाणी ‘मला भीती वाटते’ हे वाक्य बोलणं महाग पडायचं. विमानातून उडणारे सगळे स्वेच्छेने आलेले होते. वैद्यकीय कारण नसताना कुणी उडायला नकार दिला तर त्याच्या नावापुढे ‘लॅक ऑफ मोरल फायबर’ असा शेरा बसू शकत होता. मनाचा कणा नाही, असा त्याचा अर्थ. छातीवरचा उड्डाणाचा बिल्ला जायचा, इज्जत जायची.

आणि दुसऱ्या बाजूने, फुशारकीलाही बंदी. फुशारकी मारण्याला म्हणायचे ‘शूटिंग अ लाइन’. बऱ्याच स्क्वाड्रनमध्ये ‘लाइन बुक’ नावाची वहीच असायची. कुणी जेवताना मोठेपणा मिरवला की ते वाक्य त्या वहीत नावानिशी उतरवायचं आणि मग सगळ्यांनी हसायचं.

म्हणजे भीती सांगायची सोय नाही आणि शौर्यही सांगायचं नाही. मग ज्याच्या विमानाचं एक इंजिन पेटलं आणि जो समुद्रावरून कसाबसा घरी पोचला, त्याने सकाळी काय बोलायचं? त्याने म्हणायचं, “बिट ऑफ अ शेकी डू.” खोलीतल्या प्रत्येकाला त्या ‘बिट ऑफ’चं वजन माहीत असायचं. शब्द हलका होता. ऐकणारे मात्र त्याच रात्री त्याच आकाशात होते.

तोच शब्द आईच्या टेबलावर

आता हाच शब्द पत्रात घाला. वाचणारी आई चारशे किलोमीटरवर स्वयंपाकघरात आहे. तिला त्या ‘बिट ऑफ’चं वजन माहीत नाही. एकाच शब्दाचे इथे दोन अर्थ होतात. हा फरक माझ्या शीटमध्ये कुठेच नव्हता.

समजावण्यासाठी एक नमुना देते. हे खरं पत्र नाही, मी रचलेलं आहे. समजा मुलाने लिहिलं: “परवा जरा शेकी डू झालं, पण आमची काइट ठणठणीत आहे. इथलं जेवण भिकार. लोकरीचे मोजे मिळाले, थँक्स.” स्वयंपाकघरात हे वाचलं तर काय कळतं? पोरगं मजेत आहे, जेवणाची तक्रार करतंय, म्हणजे भूक लागतेय. तक्रार ऐकून आईला उलट बरंच वाटेल. मेसमध्ये हेच वाक्य वाचलं तर वाचणारा मान वर करून विचारेल, कुठल्या टार्गेटवर?

बरीच पत्रं अशीच असतात. जेवण, कपडे, हवा, रजा कधी मिळणार, कुत्र्याची चौकशी, आणि मध्येच एखादं स्लँगचं वाक्य. आपल्याकडे जुन्या पत्रांत ‘इकडील सर्व क्षेम’ असायचं ना? घरात कुणी आजारी असलं तरी सुरुवात तीच. त्या ओळीतून माहिती काहीच मिळायची नाही, पण अक्षर ओळखीचं असायचं. एवढ्यावर वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा.

इथे तुम्ही म्हणाल, हे सगळं सेन्सॉरमुळे असेल. थोडं होतंच. ठिकाणं, लक्ष्यं, विमानांची हानी यांबद्दल लिहायला बंदी होती, आणि परदेशात तैनात असलेल्या साध्या सैनिकांची पत्रं त्यांचेच अधिकारी वाचायचे. पण सेन्सॉर शहराचं नाव खोडतो. ‘काल रात्री मला झोप लागली नाही’ हे वाक्य खोडायचं त्याला काही कारण नव्हतं. ते वाक्य न लिहिण्याचा निर्णय मुलाचा असतो. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या घरच्या पत्रांवर मायकेल रोपर या इतिहासकाराचं ‘द सीक्रेट बॅटल’ हे पुस्तक २००९ मध्ये आलं. मुलगा आणि आई यांच्यातलं नातं पत्रांमधून कसं वाचायचं, हे शिकायला ते जरूर वाचा.

आणि आईला काहीच कळत नव्हतं असंही समजू नका. रेडिओवर बातम्या लागायच्या. काल रात्रीच्या हल्ल्यातून आपली अमुक विमानं परतली नाहीत, असं वाक्य त्यात ठरलेलं असायचं. ते इतकं घरोघरी पोचलं होतं की १९४२ मध्ये ‘वन ऑफ अवर एअरक्राफ्ट इज मिसिंग’ या नावाचा सिनेमाच आला. आई ते ऐकत होती. पत्राची तारीख बघत होती. मुलगा तिला घाबरवायचं नाही म्हणून हलकं लिहीत होता, आणि आपण घाबरलोय हे त्याला कळू नये म्हणून बरीचशी उत्तरंही हलकीच गेली असावीत. ‘असावीत’ म्हणते, कारण ती उत्तरं बहुतेक वेळा हाती लागत नाहीत. त्याकडे पुढे येते.

जिथे स्लँग नाही ते पत्र

मग एकदा मी उलटा प्रश्न विचारला. या मुलांच्या कोणत्या पत्रात स्लँग अजिबात नाही?

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्लाइंग ऑफिसर व्हिव्हियन रोझवॉर्न याचं पत्र. तो वेलिंग्टन बॉम्बर विमानावर सह-वैमानिक होता. मे १९४० च्या अखेरीस, डंकर्कमधून ब्रिटिश सैन्य माघारी येत असताना, त्याचं विमान पडलं आणि तो मारला गेला. आपण गेलो तर आईला द्यावं म्हणून त्याने पत्र लिहून ठेवलेलं होतं. त्याच्या तळाच्या प्रमुखाने आईची परवानगी घेतली आणि १८ जून १९४० ला ते पत्र लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये निनावी छापून आलं. लोकांनी इतकं मागितलं की त्याची पुस्तिका काढावी लागली आणि ती लाखोंनी खपली. १९४१ मध्ये मायकेल पॉवेलने त्यावर एक छोटी फिल्म केली. पत्राचं वाचन जॉन गिलगुड या नटाच्या आवाजात आहे.

हे पत्र तुम्ही जरूर शोधून वाचा. त्यात कर्तव्य आहे, त्याग आहे, साम्राज्य आहे, आईच्या कष्टांची जाणीव आहे. भाषा चर्चमधल्या प्रवचनासारखी घडीव आहे. प्रँग नाही, काइट नाही, पीस ऑफ केक नाही.

का नसावं? मला जे वाटतं ते सांगते. स्लँगमधलं पत्र लिहिणारा धरून चालतो की पुढच्या आठवड्यात आणखी एक पत्र लिहायचंय. आज टाळलेलं उद्या, रजेवर घरी गेल्यावर, समोरासमोर सांगता येईल. किंवा नाहीच सांगितलं तरी चालेल, कारण आपण समोर असू. मरणानंतर उघडायच्या पत्राला ती सोय नाही. तिथे टाळायला उद्या उरत नाही, आणि आता आईला घाबरण्यापासून वाचवायचंही नसतं. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून पडदा बाजूला होतो आणि मुलगा त्याला येत असलेली सगळ्यात गंभीर भाषा काढतो.

अर्थात, एका पत्रावरून नियम करायचा नाही. शिवाय हेच पत्र का छापलं गेलं, हा प्रश्न आहेच. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळत होता, ब्रिटन एकटं पडत होतं. अशा वेळी वर्तमानपत्राला नेमकं असंच पत्र हवं होतं. कुणी रडून लिहिलेलं शेवटचं पत्र ‘टाइम्स’ने छापलं असतं असं मला वाटत नाही. प्रसिद्ध सोर्स हा आधी कुणीतरी निवडलेला सोर्स असतो, हे कायम डोक्यात ठेवा.

शब्द छापले गेले आणि गोची झाली

आणखी एक अडचण तारखेची आहे. १९४० च्या पत्रातली स्लँग आणि १९४४ च्या पत्रातली स्लँग एकाच मापाने मोजता येत नाही. कारण मधल्या काळात ही बोली प्रसिद्ध झाली.

१९४२ मध्ये हवाई मंत्रालयाने एच. ई. बेट्स या लेखकाकडून हवाई दलातल्या आयुष्यावर कथा लिहून घेतल्या. त्या ‘फ्लाइंग ऑफिसर एक्स’ या टोपणनावाने आल्या. १९४३ मध्ये सी. एच. वॉर्ड-जॅक्सन यांचं हवाई दलाच्या स्लँगचं छोटं पुस्तक आलं, त्याचं नावच ‘इट्स अ पीस ऑफ केक’. त्याच वर्षी हंट आणि प्रिंगल यांचं ‘सर्व्हिस स्लँग’ आलं. १९४५ मध्ये एरिक पार्ट्रिज या कोशकाराने हवाई दलाच्या स्लँगचा कोश काढला. तो स्वतः युद्धात हवाई दलात नोकरीला होता.

परिणाम काय झाला? नवीन भरती झालेलं पोर आता ही बोली पुस्तकातून आणि सिनेमातून शिकून येऊ शकत होतं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, वेस्ट इंडिज, कुठून कुठून माणसं येत होती. ‘आपण यांच्यातले झालो’ हे दाखवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे चार शब्द उचलणं. आणि घरच्यांनाही हे शब्द आता ओळखीचे होत होते. म्हणजे १९४० साली ‘प्रँग’ हा आईसाठी पडदा असेल, तर १९४४ मध्ये तो पडदा बराच पातळ झालेला असू शकतो.

हे तपासायचं कसं? एक सोपी खूण मला उपयोगी पडली. लिहिणारा शब्दाचा अर्थ सांगतो का, ते बघा. तो शब्द अवतरणचिन्हांत टाकतो का? ‘आम्ही इथे याला असं म्हणतो’ असं जोडतो का? जोडत असेल तर तो आईला आत बोलावतोय, आपलं जग दाखवतोय. तोच मुलगा एका शब्दाचा अर्थ सांगतो आणि दुसरा शब्द तसाच सोडून देतो, तिथे थांबा. चहाला ‘चार’ म्हणतात हे कौतुकाने समजावतो आणि ‘चॉप’ मात्र अर्थाशिवाय ठेवतो, तर तो अर्थ त्याने विसरून सोडलेला नसण्याची शक्यता मोठी.

छापील कोशाचाही एक धोका आहे. ‘गॉन फॉर अ बर्टन’ घ्या. बर्टन म्हणजे काय? कुणी म्हणतं, बर्टन-अपॉन-ट्रेंट गावची बिअर. मेलेला मित्र बिअर प्यायला गेला. कुणी म्हणतं, बर्टन नावाच्या कापड दुकानातला सूट. कुणी म्हणतं, त्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर रेडिओ ऑपरेटरांची परीक्षा व्हायची, नापास झाला की ‘बर्टनला गेला’. प्रत्येक गोष्ट ऐकायला छान आहे आणि निर्णायक पुरावा एकीलाही नाही. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये मी बिअरची गोष्ट खरी म्हणून ठोकून दिली होती, कारण ती मला आवडली. आता मी एवढंच लिहिते की उगमाबद्दल एकमत नाही, पण वापर स्पष्ट आहे: परतून न आलेला माणूस जरा कुठे बाहेर गेलाय, असं बोलायचं.

जे आपल्यापर्यंत पोचलंच नाही

शेवटचा मुद्दा आर्काइव्हचा. मगाशी म्हटलं, आईची उत्तरं सापडत नाहीत. आईने मुलाची पत्रं कपाटात जपून ठेवली. रोआल्ड डालच्या आईने त्याची सहाशेहून जास्त पत्रं सांभाळली होती. पण मुलाला आलेली पत्रं एका तळावरून दुसऱ्या तळावर हिंडताना हरवली, फाटली, जळली.

आणि मुलगा मेला की तळावर त्याच्या सामानाची आवराआवर करणारी एक समिती असायची, ‘कमिटी ऑफ ॲडजस्टमेंट’. कपडे, घड्याळ, फोटो, पत्रं यांची यादी करून घरी पाठवायची. पाठवण्याआधी घरच्यांना त्रास होईल असं काही, एखादीची प्रेमपत्रं वगैरे, बाजूला काढलं जायचं. हे माणुसकीनेच केलं जायचं. पण आपण ऐंशी वर्षांनी फाइल उघडतो तेव्हा हे विसरून चालत नाही की कुणीतरी आपल्याआधी ती चाळली आहे आणि आईला काय दिसावं हे ठरवलं आहे. आधी मुलाने स्वतःचे शब्द चाळले, मग सेन्सॉरने, मग या समितीने, मग घरच्यांनी. चौघांनंतर आपला नंबर.

माझ्या शीटचं काय झालं?

शीट अजून आहे. ‘मूड’च्या जागी आता पाच रकाने आहेत. तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून देते. विषय काहीही असो, गिरणी कामगारांची गावी पाठवलेली पत्रं असोत की आखातात गेलेल्या नर्सचे व्हॉट्सॲप मेसेज, हे प्रश्न चालतील.

१. शब्द कुणासाठी लिहिलाय? एकाच माणसाने भावाला लिहिलेलं आणि आईला लिहिलेलं पत्र शेजारी ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं.

२. अर्थ सांगितलाय की तसाच सोडलाय?

३. शब्दाच्या आधी आणि नंतर काय आहे? स्लँगच्या वाक्यानंतर लगेच मोज्यांचा विषय निघाला, तर त्या उडीची नोंद करा.

४. त्या दिवशी खरंच काय घडलं, हे सांगणारा दुसरा, पत्राशी संबंध नसलेला सोर्स कोणता? माझ्यासाठी स्क्वाड्रनची नोंदवही. तुमच्यासाठी हजेरीपट, हॉस्पिटलचं रजिस्टर, वर्तमानपत्र.

५. तो शब्द कुठे यायला हवा होता, पण आला नाही?

पाचवा रकाना भरायला सगळ्यात अवघड, कारण तिथे दाखवायला काही नसतं. प्रेझेंटेशनच्या वेळी समितीतल्या एका मॅडमनी विचारलंच, “जे लिहिलेलंच नाही, त्याचा पुरावा काय?” प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं होतं की एकट्या रकान्याचा पुरावा होत नाही, चौथ्या रकान्याबरोबर तो होतो. नोंदवहीत रात्रीची नोंद आहे, पत्रात सकाळची तारीख आहे, आणि पत्रात मोजे आहेत. एवढं दाखवायचं. त्याच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही, आणि थीसिसमध्ये तसं लिहिणारही नाही.

सुरुवात करायची असेल तर लिंकन इथल्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरचं डिजिटल आर्काइव्ह घरबसल्या, फुकट बघता येतं. पत्रं, डायऱ्या, उड्डाणांच्या लॉगबुक, मुलाखती, सगळं आहे. एकच मुलगा निवडा. त्याची पत्रं तारखेनुसार लावा. पहिल्यांदा वाचाल तेव्हा तुम्हालाही तो मजेत वाटेल. मग त्याची लॉगबुक उघडा आणि तीच पत्रं पुन्हा पहिल्यापासून वाचा.